भिन्नच्छेद अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी : एका जुन्या प्रश्नाचा आढावा

१२/१३ आणि ७/८ यांची बेरीज कशाच्या जवळपास जाईल? पर्याय चार : १, २, १९ आणि २१. अमेरिकेतील राष्ट्रीय शैक्षणिक पाहणीत १९७८ साली हा प्रश्न तेरा वर्षांच्या मुलांपुढे ठेवला गेला. दोन्ही अपूर्णांक एकाहून किंचित कमी आहेत, म्हणून उत्तर २. ते निवडणारी मुले २४ टक्केच निघाली. २८ टक्के मुलांनी १९ निवडले, म्हणजे अंशांची बेरीज केली. २७ टक्के मुलांनी २१ निवडले, म्हणजे छेदांची. लोर्टी-फोर्ग, तियान आणि सीगलर यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात हाच प्रश्न आठवीच्या मुलांना पुन्हा विचारल्याची नोंद आहे. बरोबर उत्तरे आली २७ टक्के.

मधल्या साडेतीन दशकांत पाठ्यपुस्तके बदलली, शैक्षणिक साधने आली, संशोधनाचा ढीग उभा राहिला. आकडा मात्र जेमतेम हलला. रीत तर तीन वाक्यांत संपते : छेद समान करा, अंशांची बेरीज किंवा वजाबाकी करा, उत्तराला संक्षिप्त रूप द्या. या रीतीबद्दल कोणाचाच आक्षेप नाही. मतभेद आहेत ते ती कोणत्या रूपात शिकवावी, तिच्याआधी काय यावे, कोणत्या चित्राच्या आधाराने ती समजवावी आणि मुळात तिच्यावर इतका वेळ घालवावा का, यांवर. या चारही मतभेदांची आजची स्थिती पुढे क्रमाने मांडली आहे.

पूर्वपीठिका

अपूर्णांकांची बेरीज अवघड असल्याची जाणीव फार जुनी आहे. इजिप्तमधील ऱ्हाइंड पपायरस हा इ. स. पूर्व १५५०च्या सुमाराचा. त्याचा लेखक आह्मेस २/३ सोडल्यास प्रत्येक अपूर्णांक १ अंश असलेल्या वेगवेगळ्या अपूर्णांकांच्या बेरजेत लिहितो. २/५ म्हणजे १/३ आणि १/१५. त्यासाठी त्याने २ला ३ पासून १०१ पर्यंतच्या विषम संख्यांनी भागणारे एक कोष्टकच दिले आहे. बेरीज करताना तो एखादी सोयीची संख्या घेऊन प्रत्येक अपूर्णांकाचा तिच्यातील वाटा लाल शाईने लिहितो. समान छेदाची कल्पना तिथे बीजरूपाने दिसते.

भारतीय गणितात ही रीत सर्वसाधारण नियमाच्या रूपात आली. ब्रह्मगुप्ताच्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ (इ. स. ६२८) या ग्रंथात छेद समान करून बेरीज-वजाबाकी करण्याचा नियम आहे. नवव्या शतकातील महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’मध्ये एक पाऊल पुढे टाकले : छेदांच्या लघुतम साधारण विभाज्याला त्यांनी ‘निरुद्ध’ असे नाव दिले आणि त्याच्या साहाय्याने छेद समान करण्याची पद्धत सांगितली. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) दोन्ही वाटा एकाच श्लोकात शेजारी-शेजारी आहेत. एका अपूर्णांकाच्या छेदाने दुसऱ्याचे अंश-छेद गुणावेत. किंवा, जाणत्याने छेदांना आधी सामाईक अवयवाने भागून घ्यावे आणि मग गुणावे. आजच्या वर्गातील तिरकस गुणाकार आणि लसावि या त्याच दोन वाटा.

महाराष्ट्रातील रोजच्या व्यवहारात मात्र या नियमाची गरज क्वचितच पडे. पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी तोंडपाठ होत, आणि या सगळ्यांचे छेद २ आणि ४. रुपया सोळा आण्यांचा, आणा बारा पैंचा, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. अर्धा, पाव आणि दोन आणे यांची बेरीज करताना ८, ४ आणि २ मिळवले की चौदा आणे झाले. तिसरा हिस्साही अडत नसे, कारण तो बरोबर ५ आणे ४ पै, म्हणजे ६४ पै. एक तृतीयांश आणि एक चतुर्थांश रुपया म्हणजे ६४ अधिक ४८, अर्थात ११२ पै : ९ आणे ४ पै. समच्छेद करण्याचे काम नाण्यांनीच करून ठेवले होते. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, पाठोपाठ मेट्रिक वजन-मापे आली, आणि असा तयार समान छेद व्यवहारातून गेला. शंभर पैशांचे तीन समान भाग होत नाहीत. भिन्नच्छेद अपूर्णांक हा त्यानंतर बव्हंशी शाळेचा विषय उरला.

चूक कुठून येते

१/२ + १/३ = २/५ ही चूक देशोदेशीच्या मुलांमध्ये सापडते. तिची तीन स्पष्टीकरणे दिली जातात, आणि ती परस्परविरोधी नाहीत.

पहिले स्पष्टीकरण पूर्णांकांच्या सवयीचे. चार वर्षे मूल पूर्ण संख्यांचीच बेरीज करत आलेले असते. अपूर्णांकात त्याला एक संख्या दिसत नाही; वर एक आणि खाली एक, अशा दोन संख्या दिसतात. मग जे शेजारी आहे ते मिळवायचे. नी आणि झोऊ यांनी २००५ साली या प्रवृत्तीवरील संशोधनाची तपशीलवार चर्चा केली. १/३ पेक्षा १/४ मोठा वाटणे हे याच सवयीचे दुसरे लक्षण.

दुसरे स्पष्टीकरण संदर्भाचे. काही ठिकाणी वरची वर आणि खालची खाली मिळवणे अगदी योग्य असते. दहावीला अंतर्गत मूल्यमापनात २० पैकी १५ आणि लेखी परीक्षेत ८० पैकी ६० गुण मिळाले, तर गुणपत्रिकेवर १०० पैकी ७५ येतात. कागदावर हे १५/२० + ६०/८० = ७५/१०० असेच दिसते. येथे दोन वेगवेगळ्या पूर्णांचे भाग एकत्र करून नवे पूर्ण तयार होते. अपूर्णांकांच्या बेरजेत पूर्ण एकच असावे लागते. हा फरक मुलांना कोणी सांगत नाही, म्हणून त्यांची चूक त्यांच्या अनुभवाशी सुसंगत राहते, असे या मताचे लोक म्हणतात.

तिसरे स्पष्टीकरण सरावाचे. ब्रेथवेट, पाइक आणि सीगलर यांनी २०१७ साली एक संगणकीय प्रारूप मांडले. पाठ्यपुस्तकांतील उदाहरणांवर सराव दिलेल्या या प्रारूपाने मुलांसारख्याच चुका केल्या. पुस्तकांत समान छेदाची उदाहरणे बहुतेक बेरीज-वजाबाकीची असतात, गुणाकाराची जवळपास नसतातच. त्यामुळे समान छेद दिसला की तो तसाच ठेवायचा, अशी खूणगाठ बसते आणि ३/५ × ४/५ चे उत्तर १२/५ येते. या दृष्टीने पाहिल्यास दोष एकट्या मुलाच्या समजेत नाही, उदाहरणांच्या निवडीतही आहे.

पहिला मतभेद : लसावि की छेदांचा गुणाकार

५/१२ + ७/१८ हे उदाहरण घेऊ. १२ आणि १८ यांचा लसावि ३६. १५/३६ अधिक १४/३६ म्हणजे २९/३६. छेदांचा गुणाकार घेतला तर २१६. ९०/२१६ अधिक ८४/२१६ म्हणजे १७४/२१६. ६ ने संक्षेप दिला की पुन्हा २९/३६. दोन्ही रीती बरोबर आहेत. कोणती आधी, एवढाच वाद.

लसाविच्या बाजूचे म्हणणे असे : आकडे लहान राहतात, हातचुका कमी होतात, तीन-चार अपूर्णांक एकदम घेता येतात आणि अवयव पाडण्याचा सराव होतो. १/६ + १/१० + १/१५ मध्ये लसावि ३० आहे, तर छेदांचा गुणाकार ९००. शिवाय कोणता समान छेद घ्यावा याचा विचार करताना मुलाला छेदांमधील नाते पाहावे लागते. १/३ + १/६ सारख्या उदाहरणात एकच छेद बदलून भागते, हे त्यातूनच कळते.

विरुद्ध बाजूची सर्वांत नेटकी मांडणी बर्कली येथील गणिती हुंग-ह्सी वू यांनी केली आहे. त्यांच्या मते, लसावि ही सोय आहे. बेरजेच्या व्याख्येत तिला स्थान नसावे. दोन अपूर्णांकांना समान छेद देण्यासाठी छेदांचा गुणाकार नेहमीच पुरतो, आणि त्यातून मिळणारे सूत्र पुढे बीजगणितात जसेच्या तसे चालते. लसाविला पूर्वअट केले, तर लसावि न जमणारे मूल बेरजेपर्यंत पोहोचतच नाही. अमेरिकेतील २०१० च्या ‘कॉमन कोअर’ मानकांनी पाचवीसाठी हेच सूत्र दिले आहे आणि लघुतम छेदाचा आग्रह धरलेला नाही. लसावि घेतला की उत्तर आपोआप अतिसंक्षिप्त येते हा समजही खरा नाही, याकडे हा पक्ष लक्ष वेधतो : १/६ + १/१० मध्ये ३० हा लसावि घेऊनही ८/३० येते आणि ४/१५ करण्यासाठी संक्षेप द्यावाच लागतो.

या दोन्ही पक्षांचा आक्षेप ज्यावर आहे ती तिसरी गोष्ट म्हणजे खुणांची युक्ती. शिष्यवृत्तीसारख्या वेळेच्या परीक्षांसाठी तिरकस बाण काढून उत्तर काढण्याची सवय लावली जाते. अमेरिकेत हीच युक्ती फुलपाखराच्या आकाराने शिकवतात. तिचे समर्थक वेग आणि अचूकतेचा दाखला देतात. टीकाकारांचे म्हणणे असे की बाण का काढले हे मुलाला सांगता येत नाही, तीन अपूर्णांक आले की युक्ती थांबते, आणि तुलना, बेरीज व भागाकार यांचे बाण एकमेकांत मिसळतात.

आपल्याकडच्या पुस्तकांचा कल लवचीक आहे. बालभारतीच्या २०१६ च्या सहावीच्या गणितात अपूर्णांकांवरील क्रियांचा पाठ मसावि-लसाविच्या पाठाआधी येतो. म्हणजे सममूल्य अपूर्णांकांवर भिस्त ठेवून काम सुरू होते. एनसीईआरटीच्या सहावीच्या ‘गणित प्रकाश’ (२०२४) या पुस्तकाने ब्रह्मगुप्ताची पद्धत त्याच्या नावाने दिली असून, दोन्ही अपूर्णांक एकाच एककात आणणे हा तिचा गाभा ठरवला आहे.

दुसरा मतभेद : रीत आधी की अर्थ आधी

रिचर्ड स्केम्प या ब्रिटिश गणितशिक्षणतज्ज्ञाने १९७६ साली दोन प्रकारच्या समजुतींत भेद केला : नियम वापरता येणे, आणि नियम का चालतो हे कळणे. भिन्नच्छेद बेरीज हे या भेदाचे हुकमी उदाहरण बनले. अर्थ आधी हवा असे म्हणणारे सांगतात की सममूल्यता पक्की नसताना दिलेली रीत सुट्टीनंतर टिकत नाही. रीत आधी असे म्हणणाऱ्यांचे उत्तर : हात बसल्यावर लक्ष मोकळे होते आणि अर्थ मागून उमगतो, पाढ्यांच्या बाबतीत आपण हेच करतो.

या वादाची धार आता बोथट झाली आहे. रिटल-जॉन्सन, सीगलर आणि अलिबाली यांनी २००१ साली दशांश अपूर्णांकांवरील प्रयोगांतून दाखवले की संकल्पना आणि रीत एकमेकींना आळीपाळीने पुढे ढकलतात. आता प्रश्न उरतो तो प्रमाणाचा आणि क्रमाचा : समच्छेद बेरजेवरून सरळ भिन्नच्छेदावर जावे, की १/२ + १/४ सारख्या, एक छेद दुसऱ्याच्या पटीत असलेल्या उदाहरणांची पायरी मधे ठेवावी. पाव, अर्धा, पाऊण हे शब्द कानावर असलेल्या मराठी मुलाला ही मधली पायरी सोपी जाते, असा अनेक शिक्षकांचा अनुभव आहे.

तिसरा मतभेद : भाकरी, वाटणी की संख्यारेषा

अपूर्णांकाचे अर्थ अनेक आहेत हे टॉम कीरेन यांनी १९७६ साली मांडले. मापन, भागाकार, गुणोत्तर आणि क्रियाकारक हे त्यांतले प्रमुख. बेरीज कोणत्या अर्थावर उभी करावी, यावरून चित्रांची निवड ठरते.

गोलाचे, म्हणजे भाकरीचे वा पोळीचे चित्र सर्वांत रुळलेले. त्यात पूर्ण काय आहे ते डोळ्यांपुढे राहते आणि अर्ध्यात तिसरा भाग मिळवला तरी एक पूर्ण होत नाही, हे लगेच दिसते. क्रॅमर, पोस्ट आणि डेलमास यांच्या २००२ च्या अभ्यासात चौथी-पाचवीचे जे वर्ग अपूर्णांकांची वर्तुळे हाताळत शिकले, ते नेहमीच्या पुस्तकांतून शिकणाऱ्या वर्गांपेक्षा सरस ठरले. गोलाची मर्यादा अशी की त्याचे पाच किंवा सात समान भाग करणे कठीण, आणि एकापेक्षा मोठे अपूर्णांक त्यात अवघडतात.

दुसरा गट वाटणीपासून सुरुवात करतो. चार मुलांत तीन भाकरी वाटल्या तर प्रत्येकाला ३/४. नेदरलँड्समध्ये लीन स्ट्रीफलँड यांनी अशा वाटपांवर आख्खा अभ्यासक्रम बांधला आणि १९९१ साली त्यावर पुस्तक लिहिले. वाटणीतून तुलना आणि सममूल्यता सहज येते. पण बेरीज तिच्यातून तितक्या स्वाभाविकपणे निघत नाही, कारण दोन वेगळ्या गटांतले वाटे एकत्र का करायचे, हा प्रश्न उरतो.

तिसरा गट मापनाचा. एकक लांबीची पट्टी, तिचे सहा भाग. त्यांतले तीन म्हणजे १/२, दोन म्हणजे १/३, एकापुढे एक ठेवले की ५/६. पूर्ण संख्यांच्या बेरजेशी याचे सरळ नाते आहे आणि अपूर्णांक ही संख्यारेषेवरची एक संख्या आहे, हे यात ठसते. अमेरिकेच्या शिक्षण विभागाच्या २०१० च्या मार्गदर्शिकेने संख्यारेषेची शिफारस केली. मागे पडणाऱ्या चौथीच्या मुलांवर लिन फुक्स आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातही मापनावर भर देणारी शिकवणी फलदायी ठरली. अडचण ही, की सुरुवातीला मुले रेषेवरच्या जागांऐवजी खुणाच मोजतात किंवा आख्खी रेषा हेच पूर्ण समजतात.

भारतातील काम शेवटच्या दोन गटांना जोडणारे आहे. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील श्वेता नाईक आणि के. सुब्रमण्यम यांनी २००८ साली वाटणी आणि मापन या अर्थांची सांगड घालणारी मांडणी केली. मध्य प्रदेशातील एकलव्य संस्थेत जयश्री सुब्रमण्यन आणि सहकाऱ्यांनी याच दिशेने वर्गात प्रयोग केले.

वजाबाकीचा दुर्लक्षित भाग

बहुतेक चर्चा बेरजेभोवती फिरते. वजाबाकी ‘तसेच करा’ म्हणून सोडली जाते. पूर्णांकयुक्त अपूर्णांक आले की ही ढिलाई जाणवते. सव्वातीनातून १ पूर्णांक २/३ वजा करायचे. छेद १२ केले की वर ३ पूर्णांक ३/१२ आणि खाली १ पूर्णांक ८/१२. ३ मधून ८ जात नाहीत, म्हणून हातचा घ्यायचा. येथे दशमानाच्या सवयीने दहा घेतले जातात. घ्यायला हवेत बारा.

तीन पर्याय प्रचलित आहेत. हातचा घेऊन २ पूर्णांक १५/१२ करणे. दोन्ही संख्या अंशाधिक करून ३९/१२ मधून २०/१२ वजा करणे. किंवा १ पूर्णांक २/३ पासून पुढे मोजत जाणे : १/३ ने २ होतात, आणखी १ ने ३, आणखी १/४ ने सव्वातीन. शेवटच्या वाटेने १/३, १ आणि १/४ यांची बेरीज उरते. तिन्हींचे उत्तर १ पूर्णांक ७/१२. पहिली वाट हातच्याचा अर्थ पक्का करते, दुसरी यांत्रिक पण खात्रीची, तिसरी अंदाजाला जवळची. वर्गात सहसा दुसरीच चालते. मोठ्या पूर्णांकांत तिचे आकडे फुगतात. ५७ पूर्णांक १/४ मधून ५५ पूर्णांक २/३ वजा करून पाहिले की हे पटते.

चौथा मतभेद : हा घटक हवाच का

दशमान मापे आणि गणकयंत्रे आल्यावर हा प्रश्न उघड विचारला गेला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील गणिती डेनिस डीटर्क यांनी प्राथमिक शाळेत दशांश अपूर्णांकांवर भर द्यावा आणि व्यवहारी अपूर्णांक पुढे ढकलावेत, अशी भूमिका घेतली. ५/१२ आणि ७/१८ यांची बेरीज करण्याची वेळ प्रौढ आयुष्यात कोणावर येते, हा त्यांच्या बाजूचा सरळ प्रश्न.

झॅल्मन उसिस्किन यांनी १९७९ सालीच याला उत्तर दिले होते : अपूर्णांक हे मोजमापापुरते नाहीत, भागाकार, गुणोत्तर आणि सूत्रे लिहिण्याची ती भाषा आहे. १/३ दशांशात पूर्ण लिहिता येत नाही, आणि १/क + १/ख सोडवताना दशांश उपयोगी पडत नाहीत. २०१२ साली सीगलर आणि सहकाऱ्यांनी अमेरिका व ब्रिटनमधील मुलांची दीर्घकालीन माहिती तपासली. दहा-बारा वर्षांच्या वयातील अपूर्णांकांचे ज्ञान माध्यमिक शाळेतील बीजगणिताच्या यशाचा अंदाज देते, आणि बुद्ध्यांक व घरची परिस्थिती हिशेबात धरूनही हे नाते टिकते, असे त्यांना दिसले. अर्थात अंदाज देणे म्हणजे कारण असणे नव्हे. अपूर्णांक सुधारले की बीजगणित सुधारेलच, हे या माहितीने सिद्ध होत नाही.

कुठे एकमत, कुठे प्रश्न

एकमताचे मुद्दे तीन. समच्छेद करण्यापूर्वी सममूल्यता पक्की असावी. उत्तर काढण्याआधी अंदाज घेण्याची सवय लावावी. १/२ मध्ये काही मिळवून २/५ येऊच शकत नाही, हे मुलाला स्वतःच दिसले पाहिजे. आणि एकाच चित्रावर विसंबू नये.

अनिर्णित मुद्दे अधिक आहेत. लसावि आणि छेदांचा गुणाकार यांपैकी कोणत्या वाटेने गेलेली मुले पुढे बीजगणितात अधिक मोकळेपणाने वावरतात, यावर निर्णायक निकाल लागलेला नाही. चित्रांचा क्रम कोणता, यावरही नाही. या विषयावरचे बरेचसे पुरावे इंग्रजी माध्यमातील वर्गांतून आलेले आहेत. सव्वा, दीड, अडीच हे शब्द घरातून घेऊन येणाऱ्या मुलांना ते कितपत लागू पडतात, हे त्या मुलांच्या वर्गांत पाहूनच ठरेल. ही शब्दसंपत्ती छेद २ आणि ४ पुरतीच असल्याने तृतीयांश-पंचमांशाकडे जाताना ती साथ देते की अडवते, हाही त्यातलाच प्रश्न.

सर्वांत अवघड प्रश्न मात्र वेळापत्रकाचा आहे. पट्ट्या कापणे, संख्यारेषेवर मापणे, अंदाज बांधणे, मुलांच्या चुका फळ्यावर घेऊन बोलणे यांना तासिका लागतात. रीत आणि वीस उदाहरणे थोडक्यात उरकतात, आणि घटक चाचणीत दोन्ही वर्गांचे गुण बहुधा सारखेच दिसतात. फरक उघडा पडतो तो दोन-तीन वर्षांनी, वेगळ्या इयत्तेत आणि वेगळ्या शिक्षकापुढे. तोवर आजच्या वर्गाचा हिशेब बंद झालेला असतो. चाचणीत नेमक्या उत्तराबरोबर अंदाजाचा आणि ‘का’चा प्रश्न यावा ही सूचना यातूनच पुढे आली आहे. ती मान्य करायची तर परीक्षा आणि अभ्यासक्रम दोन्ही नव्याने आखावे लागतील, आणि त्याची चर्चा आता कुठे सुरू झाली आहे.